मॅस्टोडॉनवर पोस्ट उडाली तर: मॉडरेशनमधील पक्षपात ओळखण्याची आणि दाद मागण्याची रीत

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. निमित्त होते त्यांनी खात्यावर लावलेले एक जुने छायाचित्र. १९३६ साली हँबर्गच्या गोदीत जमलेला सगळा जमाव नाझी सलाम ठोकत असताना हाताची घडी घालून उभा राहिलेला एकटा माणूस त्यात दिसतो. तो ऑगस्ट लांडमेसर असल्याचे सांगितले जाते. हुकूमशाहीला नकार देणारे हे चित्र द्वेषमूलक ठरवले गेले. खाते परत मिळाले, पण हिंदी कवी गोरख पांडे यांच्या कवितेशी संबंधित एका जुन्या पोस्टवरून ते लगेच पुन्हा बंद झाले. या प्रकाराने चिडलेल्या हजारो भारतीय वापरकर्त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मॅस्टोडॉनवर, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर जोडून बनलेल्या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावर, खाती उघडली. तिथे कंपनी नाही, कोड खुला आहे, तेव्हा असला अन्याय होणार नाही, अशी त्यांची समजूत होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये मॅस्टोडॉनवर दुसरीच घटना घडून गेली होती. अमेरिकेतील अतिउजव्या द्वेषप्रचाराचा अड्डा म्हणून बदनाम झालेल्या गॅब या संकेतस्थळाने आपली जुनी यंत्रणा टाकून मॅस्टोडॉनचाच कोड वापरायला घेतला. कोड कोणालाही वापरू देणाऱ्या, पण बदललेला कोड जाहीर करायला लावणाऱ्या ॲफेरो जीपीएल परवान्यामुळे त्याला कोणीही अडवू शकत नव्हते. मात्र बहुतेक मोठ्या सर्व्हरांनी गॅबशी संबंध तोडले आणि मॅस्टोडॉनसाठीच्या टस्कीसारख्या काही ॲपनी गॅबचे लॉगिनच बंद केले. कोड वापरण्याचे स्वातंत्र्य गॅबला पूर्ण मिळाले. इतरांनी त्याचे ऐकून घेण्याची सक्ती मात्र कोणावर झाली नाही.

हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवले की मुद्दा लक्षात येतो. मुक्तस्रोत समाजमाध्यमांत कोड सर्वांचा असतो, पण सर्व्हर कोणाचा तरी असतो. तिथे कोणी काय बोलावे हे त्या सर्व्हरचा चालक ठरवतो, आणि तो माणूस असल्यामुळे चुकतो, कंटाळतो, घाबरतो, कधीकधी उघड पक्षपातही करतो. आपली पोस्ट काढली गेली असेल, खाते गोठवले गेले असेल किंवा निम्मे मित्र एका रात्रीत दिसेनासे झाले असतील, तर तक्रार नेमक्या कोणत्या दारात न्यायची, कोणत्या कागदांनिशी न्यायची आणि दार उघडलेच नाही तर बिऱ्हाड कसे हलवायचे, याची ही क्रमवार माहिती आहे. उदाहरणे मुख्यतः मॅस्टोडॉनची आहेत. लेमी हा चर्चामंच आणि ब्लूस्काय हे ट्विटरसारखे माध्यम जिथे वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे.

पायरी १: निर्णय कोणी घेतला ते आधी शोधा

बहुतेक तक्रारी चुकीच्या पत्त्यावर जातात. पोस्ट उडाली की लोक 'मॅस्टोडॉनने माझा आवाज दाबला' असे लिहितात, पण या वाक्याला तसा अर्थ नाही. ऑयगन रोश्को यांनी २०१६ साली हे सॉफ्टवेअर जर्मनीत सुरू केले, तरी दुसऱ्याच्या सर्व्हरवरील एक ओळही पुसण्याचे बटण त्यांच्यापाशी कधी नव्हते. विकासकांच्या हाती असतो तो परवाना. ऑक्टोबर २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलने मॅस्टोडॉनचा कोड वापरूनही आपला कोड जाहीर केला नाही, तेव्हा रोश्को यांनी परवानाभंगाची नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये तो कोड जाहीर झाला. तिथले बोलणे थांबवणे मात्र त्या नोटिशीच्या आवाक्यात नव्हते. त्याआधी २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटचे प्रचारक डायस्पोरा या अशाच विखुरलेल्या नेटवर्कवर आले, तेव्हा डायस्पोराच्या चमूलाही एकेका सर्व्हरचालकाला गाठून विनंती करण्यापलीकडे काही करता आले नाही.

म्हणून पहिले काम निदानाचे. आपल्या पोस्टचा दुवा खासगी विंडोत, लॉगिन न करता उघडून पाहावा. सार्वजनिक असलेली पोस्ट तिथेही दिसत नसेल, तर कारवाई बहुधा आपल्याच सर्व्हरच्या मॉडरेटरने, म्हणजे मजकुरावर देखरेख ठेवणाऱ्याने, केली आहे. ती तिथे दिसते, पण एका ठरावीक सर्व्हरवरच्या ओळखीच्यांना दिसत नाही, असे असेल तर त्या दुसऱ्या सर्व्हरने एकतर आपले खाते किंवा आपला अख्खा सर्व्हर अडवलेला असतो. सर्व्हरांमधील संबंध तुटल्यामुळे आपले अनुयायी गमावले असतील, तर मॅस्टोडॉनच्या ४.३ या आवृत्तीपासून तशी सूचना येते आणि गमावलेल्या संबंधांची यादी उतरवून घेता येते. त्यापूर्वी माणसे निमूटपणे नाहीशी होत आणि प्रत्येकाला वाटे की समोरच्याने आपल्यालाच सोडले.

सर्वांत फसवी अवस्था म्हणजे पोस्ट जागेवर आहे, कोणतीही सूचना आलेली नाही, पण वाचणारे अचानक आटले आहेत. अशा वेळी खाते मर्यादित केले गेले असण्याची शक्यता असते: मर्यादित खात्याच्या पोस्ट अनुयायांना दिसत राहतात, इतरांपासून मात्र झाकल्या जातात. तरीही लगेच संशय घेऊ नये. मॅस्टोडॉनवर चर्चेत असलेल्या पोस्ट, दुवे आणि हॅशटॅग सुचवण्याआधी मूळ रचनेनुसार मॉडरेटरची मंजुरी लागते. मराठी न जाणणारा मॉडरेटर मराठी हॅशटॅग मंजूर करण्याच्या फंदात पडत नाही, आणि मग मराठीतले काहीच कधी वर येत नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू असेलच असे नाही, पण परिणाम भोगावा लागतोच.

विकासक आणि सर्व्हरचालक ही दोन दारे नेहमीच वेगळी असतात असेही नाही. लेमी या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला अपशब्दांची चाळणी थेट कोडमध्येच बसवलेली होती आणि ती काढायला विकासक तयार नव्हते. पुढे ती सर्व्हरचालकाच्या मर्जीवर सोडण्यात आली. याच विकासकांनी चालवलेल्या लेमी.एमएल या सर्व्हरवर चीनच्या सरकारवर टीका करणारा मजकूर काढला जातो, असा आरोप वापरकर्ते सतत करत आले आहेत. तिथे मात्र लेमीचीच एक उत्तम सोय वापरकर्त्याच्या उपयोगी पडते: मॉडरेशनची नोंदवही सर्वांना खुली असते. कोणती टिप्पणी काढली आणि कोणते कारण दिले, हे कोणालाही वाचता येते. मॅस्टोडॉनवर अशी नोंदवही फक्त मॉडरेटरांनाच दिसते. माझ्या मते ही मॅस्टोडॉनची मोठी उणीव आहे.

पायरी २: घर घेण्याआधी 'माहिती' पान वाचा

प्रत्येक मॅस्टोडॉन सर्व्हरवर एक माहितीचे पान असते. त्यावर नियम, चालकाचा संपर्क आणि चालकाने ठरवले असेल तर अडवलेल्या किंवा मर्यादित केलेल्या सर्व्हरांची यादी कारणांसह दिलेली असते. ही यादीच सर्वांत बोलकी असते. 'द्वेषमूलक मजकूर', 'स्पॅम', 'बालकांचे लैंगिक शोषण' अशी कारणे वाचून मन निश्चिंत होते; प्रत्येक नावापुढे कारण कोरे असेल किंवा 'नको ती माणसे' एवढेच लिहिले असेल, तर आपली पाळी आली तेव्हाही त्याहून अधिक कारण मिळणार नाही असे धरून चालावे. यादी लांब आहे एवढ्यावरून मात्र सर्व्हरला असहिष्णू ठरवू नये. स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दोन दिवसांच्या सुमारे ३,२५,००० पोस्टमध्ये बालशोषणाच्या आधीच नोंद असलेल्या चित्रांशी जुळणारी ११२ चित्रे सापडली होती. असले सर्व्हर न अडवणारा चालक उदार नसतो, बेफिकीर असतो.

नियमांत जात हा शब्द आहे का, हे मराठी वाचकाने आवर्जून पाहावे. पाश्चात्त्य सर्व्हरांच्या नियमांत वंश, लिंग, लैंगिकता आणि अपंगत्व यांचा उल्लेख सहज सापडतो, जातीचा क्वचितच. मॅस्टोडॉन.सोशल या सर्वांत मोठ्या सर्व्हरने वंशवाद आणि लिंगभेद यांच्या ओळीतच जातीयवादालाही मनाई केली, ही म्हणूनच नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. शब्द नियमात असला की जातिवाचक शिवीविरुद्धच्या तक्रारीत निदान बोट ठेवायला जागा मिळते. नसला तर आधी मॉडरेटरला जात म्हणजे काय हे शिकवावे लागते, आणि शिकवण्याचा हा भार नेहमी ज्याला शिवी बसली त्याच्याच माथी येतो.

त्यानंतर चालवणाऱ्यांची चौकशी करावी. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी सर्व्हरला २०१९ पासून एक करार पाळावा लागतो: वंशवाद, लिंगभेद, समलिंगी व पारलिंगी व्यक्तींचा द्वेष यांविरुद्ध प्रत्यक्ष मॉडरेशन, रोजचा बॅकअप, तातडीच्या वेळी यंत्रणेत शिरू शकणारी आणखी किमान एक व्यक्ती, आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास ३ महिने आधी सूचना. या अटी पाळणारा सर्व्हर घ्यावा. एकट्या माणसाच्या जिवावर चाललेला सर्व्हर कितीही प्रेमळ वाटला तरी तो एका वादळात संपतो, मॅस्टोडॉन.लॉल हा हजारो सदस्यांचा सर्व्हर २०२३ मध्ये चालक द्वेषपूर्ण संदेशांना कंटाळल्यामुळे बंद झाला. पत्त्याचे शेपूटही पाहून घ्यावे. क्विअर.एएफ या सर्व्हरचा पत्ता अफगाणिस्तानच्या देशसंकेतावर होता; फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या ताब्यातील यंत्रणेने तो रद्द केला आणि तिथल्या सगळ्यांचे पत्ते एका दिवसात निकामी झाले.

खासगी संदेशांविषयीही इथेच सांगून ठेवतो: ते कूटबद्ध नसतात, चालकाला वाचता येतात. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने कोलेक्टिवा.सोशल या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर वेगळ्याच प्रकरणात छापा घातला, तेव्हा सर्व्हरच्या डेटाची कूटबद्ध नसलेली प्रतही जप्त झाली.

पायरी ३: गाठोडे बांधून ठेवा

हे काम भांडण नसताना करायचे असते, म्हणून कोणी करत नाही. मॅस्टोडॉनच्या सेटिंगमध्ये आयात-निर्यातीचा भाग आहे. तिथून आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी, आपण तयार केलेल्या याद्या, अडवलेली व गप्प केलेली खाती, अडवलेले सर्व्हर आणि बुकमार्क वेगवेगळ्या फायलींत उतरवता येतात. पोस्ट आणि चित्रांचा संपूर्ण संग्रह दर ७ दिवसांतून एकदा मागवता येतो. महिन्याच्या एका ठरावीक तारखेला, वीजबिल भरताना म्हणा, ही सगळी कामे उरकून टाकावीत.

एक अप्रिय गोष्ट आधीच समजून घ्यावी. सर्व्हर बदलताना अनुयायी आपल्यामागे आपोआप येतात, पण त्यासाठी जुना सर्व्हर चालू आणि जुने खाते वापरता येण्याजोगे असावे लागते. खाते निलंबित झाल्यावर ही वाट बंद होते. शिवाय जुन्या पोस्ट नव्या घरी येतच नाहीत; त्या संग्रहाच्या फाइलीत राहतात. म्हणजे पक्षपाताचा खरा संशय येऊ लागला असेल, तर पहिली चकमक झाल्यावर, शेवटच्या चकमकीची वाट न पाहता, निघण्याची तयारी करावी.

पायरी ४: कारवाईचे नेमके नाव मिळवा

मॅस्टोडॉनवर मॉडरेटरच्या हातात चढत्या क्रमाने काही उपाय असतात: ताकीद देणे, चित्रांना संवेदनशील ठरवणे, पोस्ट काढणे, खाते गोठवणे, मर्यादित करणे आणि निलंबित करणे. खात्याच्या सेटिंगमधील स्थितीच्या पानावर आपल्यावर झालेल्या कारवाया तारखेसह दिसतात. निलंबित खात्याची सामग्री ३० दिवस सर्व्हरवर राखली जाते आणि नंतर कायमची पुसली जाते. त्यामुळे 'बघू पुढच्या महिन्यात' या वृत्तीला इथे जागा नाही. पानाचा स्क्रीनशॉट, ईमेलने आलेली सूचना, मूळ पोस्टचा मजकूर आणि ती ज्या संवादात होती तो संवाद, एवढे त्याच दिवशी जपून ठेवावे.

पायरी ५: हा पक्षपात आहे की आणखी काही, हे तपासा

इथे थोडे थांबावे, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे. आपली पोस्ट काढली गेली यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. एकच नियम, सारखाच मजकूर आणि वेगळा निकाल असे दाखवता आले तरच तो शब्द वापरावा. त्यासाठी त्याच सर्व्हरवरील, शक्यतो त्याच महिन्यातील, विरुद्ध बाजूच्या तीन-चार पोस्ट शोधाव्यात, ज्या आपल्या पोस्टइतक्याच तिखट आहेत आणि तक्रार होऊनही शाबूत आहेत. 'तक्रार होऊनही' ही अट महत्त्वाची आहे. छोट्या सर्व्हरांवरचे मॉडरेटर सगळे वाचत नाहीत. जे त्यांच्यापुढे येते तेवढेच पाहतात. म्हणून आधी त्या पोस्टविरुद्ध आपण स्वतः रीतसर तक्रार करावी, वाजवी काळ थांबावे आणि मगच तुलना मांडावी.

पक्षपातासारखे दिसणारे पण मुळात वेगळे असे काही प्रकार असतात. पहिला सामूहिक तक्रारींचा. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकी अभिनेते विल व्हीटन मॅस्टोडॉनवर आले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध तक्रारींचा इतका मारा झाला की त्यांच्या सर्व्हरच्या चालकाने, त्यांचा काही ठोस गुन्हा नसताना, केवळ तो भार झेपत नाही म्हणून त्यांचे खाते बंद केले. चालकाला त्यांच्याविषयी आकस नव्हता, पण झुंडीचे म्हणणे त्याने मान्य केल्यासारखेच झाले. अशा वेळी अपिलात मॉडरेटरच्या हेतूवर बोट ठेवण्यापेक्षा तक्रारी किती आणि किती वेळात आल्या याकडे लक्ष वेधणे फायद्याचे ठरते.

दुसरा प्रकार भाषेचा, आणि मराठी वाचकाला तोच सर्वाधिक भोवतो. कोकणातल्या मित्राने 'मेल्या, खंय होतस इतके दिस?' असे लिहिले, तर त्यात आपुलकीखेरीज काही नाही. हेच वाक्य यंत्राच्या भाषांतरातून बर्लिनमधल्या मॉडरेटरपुढे गेले की त्याला मृत्यूविषयी काहीतरी दिसते आणि बटण दाबले जाते. उलट दिशेने पाहा: 'चांभारचौकशा' हा शब्द आपल्याकडे शिकलेली माणसेही सर्रास वापरतात. त्यातल्या जातीच्या हेटाळणीविरुद्ध कोणी तक्रार केली, तर भाषांतरात उरला तर नसत्या चौकशीचा अर्थ उरतो, जात गळून पडते आणि तक्रार फेटाळली जाते. जातीचे नाव स्वतःसाठी ताठ मानेने लिहिणारा आणि तेच नाव दुसऱ्याच्या तोंडावर फेकणारा यांच्यातला फरक तर शब्द शोधणाऱ्या चाळणीला कळणे शक्यच नाही. अज्ञानाचा हा पक्षपात कोणा एकाच्या मनात नसतो, म्हणून तो मान्य करून घेणे तुलनेने सोपे असते.

तिसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. मॅस्टोडॉनवर एखाद्या पोस्टवर पूर्वसूचनेचा पडदा टाकण्याची पद्धत आहे. वाचणाऱ्याने इच्छा असल्यास तो बाजूला सारायचा. २०२२ च्या अखेरीस ट्विटर सोडून आलेल्या अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय वापरकर्त्यांना, त्यांनी स्वतः सोसलेल्या वंशद्वेषाबद्दल लिहिले तरी 'पडदा टाका' असे जुन्या रहिवाशांनी सुनावले आणि त्यावरून मोठा वाद झाला. शिष्टाचाराच्या नावाखाली एका समूहाचे रोजचे जगणेच अप्रिय विषय ठरवले जाते, ते असे. जातीच्या अनुभवाबद्दल लिहिणाऱ्यालाही हाच सल्ला मिळू शकतो. तो नियम म्हणून लादला जात असेल, तर इतर राजकीय विषयांना, म्हणजे निवडणुकांना, युद्धांना, क्रिकेटमधल्या राष्ट्रवादाला, तोच नियम लावला जातो का, एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर नकारार्थी आले तर आपल्या हातात तुलना आली.

पायरी ६: अपील लिहा

मार्च २०२२ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीपासून मॅस्टोडॉनमध्ये अपिलाची सोय आहे. कारवाईच्या नोंदीखालीच अपिलाचा चौकोन असतो आणि त्यासाठी २० दिवसांची मुदत असते. ते वाचणारा मॉडरेटर बिनपगारी असतो, दिवसभराचे काम संपवून रात्री तक्रारी उपसत बसलेला असतो. त्याला दोन मिनिटांत समजेल असे लिहावे. चौकोनात जागा थोडी असते, म्हणून काटेकोर राहावे: कोणती पोस्ट, कोणता नियम, मजकुराचा खरा अर्थ, संदर्भ, तुलना आणि नेमकी मागणी. विषय मराठी मजकुराचा असेल तर शब्दशः अर्थ आणि वापरातला अर्थ दोन्ही द्यावेत, आणि खातरजमा करू शकेल असा मराठी जाणणारा तिसरा माणूस त्यांनी स्वतः शोधावा असे सुचवावे; आपणच नाव सुचवले की संशय येतो. ज्या भाषेत नियम लिहिले आहेत त्या भाषेत अपील पाठवावे, पण आधी मराठीत मांडून पाहावे. साधारण असे:

'१२ तारखेची माझी पोस्ट धमकीविरोधी नियमाखाली काढण्यात आली आहे. त्यातील "मेल्या" हा शब्द शब्दशः "मेलेला" असा असला तरी कोकणात तो मित्राला लाडाने हाक मारताना वापरतात. ज्याला उद्देशून तो लिहिला, त्याने त्याच संवादात हसून उत्तर दिले आहे. दुवा सोबत आहे. मराठी जाणणाऱ्या कोणाकडूनही आपण याची खात्री करून घेऊ शकता. पोस्ट पूर्ववत करावी आणि खात्यावरील ताकीद काढावी, ही विनंती.'

यात मॉडरेटरच्या राजकीय मतांबद्दल एक शब्दही नाही. संविधान, लोकशाही आणि फॅसिझम यांनी भरलेले दोन पानी अपील लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. 'तुम्ही पक्षपाती आहात' या वाक्याने समोरचा स्वतःचा बचाव करू लागतो, 'या दोन पोस्टना वेगळा न्याय का?' या प्रश्नाला मात्र त्याला उत्तर द्यावे लागते.

पायरी ७: भांडण सर्व्हरा-सर्व्हरांतले असेल तर

कधी आपला काहीच संबंध नसतो आणि आपण भरडले जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पत्रकारांसाठी काढलेल्या जर्ना.होस्ट या सर्व्हरवरील काही सदस्यांच्या पारलिंगी विषयांवरील पोस्टवरून वाद पेटला आणि अनेक सर्व्हरांनी तो अख्खाच अडवला. त्यावर शांतपणे हवामान किंवा अर्थकारण लिहिणारेही त्यात गेले. जून २०२३ मध्ये लेमीच्या बीहॉ सर्व्हरने लेमी.वर्ल्डशी संबंध तोडले, कारण तिकडून येणारी गर्दी आवरायला बीहॉच्या मोजक्या मॉडरेटरांना जमत नव्हते. इथे विचारांचे भांडण नव्हते, माणसे कमी पडत होती.

अशा प्रसंगी समोरच्या सर्व्हरच्या मॉडरेटरांना सामान्य सदस्यांनी गर्दीने पत्रे पाठवू नयेत. त्याने मत आणखी घट्ट होते. आपल्या चालकाला विचारावे की समोरून कारण कळले आहे का, तिकडून आलेल्या तक्रारींना आपण उत्तर दिले होते का, आणि पूर्ण बंदीऐवजी मर्यादा घालणे त्यांना चालेल का. अनेक बंद्या केवळ तक्रारींना उत्तर न मिळाल्याने पडलेल्या असतात. काही चालक दुसऱ्यांनी तयार केलेल्या सामायिक बंदीयाद्या न वाचता आयात करतात; आपला सर्व्हर अशा यादीत चुकून गेला असेल तर यादी सांभाळणाऱ्यांकडेच दुरुस्ती मागावी लागते.

पायरी ८: बिऱ्हाड हलवा

अपील फेटाळले गेले आणि कारण पटले नाही, तर निघावे. आधी नव्या सर्व्हरवर खाते उघडून तिथे जुन्या खात्याचे उपनाम (जुने खातेही आपलेच, अशी नोंद) नोंदवावे, मग जुन्या खात्यातून स्थलांतराची आज्ञा द्यावी, आणि उतरवून ठेवलेल्या याद्या नव्या ठिकाणी आयात कराव्यात. एकदा स्थलांतर केले की पुढचे ३० दिवस पुन्हा करता येत नाही, त्यामुळे रागाच्या भरात मिळेल तो सर्व्हर पकडू नये.

मॅस्टोडॉनबाहेर जायचे असेल तर ब्लूस्कायचा विचार होतो. तिथे बराचसा कोड खुला आहे, पोस्टसह सारी सामग्री दुसऱ्या यजमानाकडे नेता येते आणि मार्च २०२४ पासून कंपनीच्या मॉडरेशनवर इतरांनी तयार केलेल्या लेबलसेवांची, म्हणजे पोस्ट आणि खात्यांना इशारेवजा लेबल लावणाऱ्या सेवांची, भर घालता येते. पण एप्रिल २०२५ मध्ये तुर्की सरकारच्या मागणीवरून तिथे डझनावारी खाती तुर्कस्तानातील वाचकांपासून झाकली गेली. गंमत अशी की हे झाकण फक्त अधिकृत ॲपमध्ये होते. त्याच नेटवर्कवरच्या इतर ॲपमधून ती खाती दिसत राहिली. खुल्या रचनेचा फायदा कुठपर्यंत पोहोचतो हे यातून दिसते, आणि बहुतेक लोक अधिकृत ॲपच वापरतात हेही विसरता येत नाही. नॉस्टर या आणखी एका खुल्या नेटवर्कवर खाते म्हणजे केवळ कूटकिल्ली असल्याने कोणी ते बंदच करू शकत नाही, पण किल्ली हरवली तर खातेही गेले, आणि छळ करणाऱ्यालाही कोणी बाहेर काढू शकत नाही.

पायरी ९: कायद्याकडून किती अपेक्षा ठेवावी

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आपल्याला राज्यसंस्थेविरुद्ध मिळते. खासगी सर्व्हरच्या चालकाविरुद्ध त्याचा थेट आधार घेता येत नाही. हा भेद महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतील बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते लाइक करणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना पोलिसांनी अटक केली होती. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. तिथे हात उगारला होता तो पोलिसांनी, म्हणून संविधान मध्ये येऊ शकले.

सर्व्हर भारतात चालत असेल, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याने नियम प्रसिद्ध करणे आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव देणे अपेक्षित आहे. नोंदणीकृत वापरकर्ते ५० लाखांवर असतील तर जबाबदाऱ्या आणखी वाढतात, पण एवढा मोठा मॅस्टोडॉन सर्व्हर भारतात नाही. युरोपात राहणाऱ्या मराठी माणसांची बाजू थोडी भक्कम आहे. १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या युरोपीय डिजिटल सेवा कायद्यात, मजकूर काढताना वापरकर्त्याला कारण कळवण्याचे बंधन साठवणसेवा देणाऱ्या लहान संस्थांनाही आहे. म्युनिकमध्ये राहून जर्मन सर्व्हर वापरणाऱ्याने अपिलात या तरतुदीचा एका ओळीत, सौम्य शब्दांत उल्लेख करायला हरकत नाही.

आणि मॉडरेटरची खुर्ची आपल्याकडे आली तर

तक्रार करणारे बरेच जण शेवटी स्वतःचाच सर्व्हर काढतात. तेव्हा पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवावी: तारीख, नियम, कारवाई, कारण आणि अपिलाचा निकाल, नावे वगळून, आणि ती दर महिन्याला सर्व्हरच्या पानावर प्रसिद्ध करावी. ज्याने मूळ कारवाई केली त्याने त्याच अपिलाचा निकाल देऊ नये; दोघेच मॉडरेटर असाल तर अपील दुसऱ्याकडे जाईल असे आधीच जाहीर करावे. एखाद्या पोस्टने आपल्यालाच राग आला असेल तर ती तक्रार दुसऱ्याकडे सरकवावी. आणि पटणाऱ्या बाजूच्या पोस्टवर तक्रार आली असेल, तर उत्तर देण्याआधी तीच वाक्ये न पटणाऱ्या बाजूने लिहिली असती तर आपण काय केले असते, हे वहीत त्याच तारखेखाली लिहून ठेवावे.